बातम्या वाचणाऱ्या बायका कुठं जातात

बाई बातम्या वाचायच्या तेव्हा त्यांचे पाय पाण्यात असायचे, हे अख्ख्या दोन तालुक्यांत फक्त आम्हा चौघांना माहीत होतं. आमच्या केबल चॅनेलचा स्टुडिओ म्हणजे मुरबाडच्या एसटी स्टँडमागे, एका हार्डवेअरच्या दुकानावरची पत्र्याची खोली. मार्चपासून ती अशी तापायची की टेबलाच्या सनमायकाला हात लावला तरी चटका बसे. कॅमेऱ्यात टेबलाच्या वरचंच दिसतं हे बाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात ओळखलं आणि टेबलाखाली पाण्याचं घमेलं आणून ठेवलं. वर कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिन, आणि खाली दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात. एखादी बातमी पटली नाही की वाचता वाचता त्या पाय हलवायच्या. तो आवाज माइकमध्ये यायचा आणि लोक फोन करून सांगायचे की तुमच्या स्टुडिओत नळ गळतोय.

मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. आटगावहून रिक्षाने शहापूर आणि शहापूरहून मुरबाडची एसटी, असा माझा रोजचा प्रवास. काम बातम्या टाइप करायचं. दोन्ही तालुक्यांच्या बातम्या संध्याकाळी पाचला रेकॉर्ड व्हायच्या आणि सातला लागायच्या. वाचणारे दोघं होते. एक सर, निवृत्त मुख्याध्यापक, साठी ओलांडून बराच काळ झालेले. ते राजकारण आणि कबड्डीचे सामने वाचत. बाकीचं सगळं बाई वाचत: रस्ते, पाणी, शाळा, लाइट जाण्याच्या वेळा, हरवलेली जनावरं आणि निधनवार्ता. बाई टोकावड्याच्या. घाटाच्या बाजूने येणाऱ्या एसटीने दुपारी दोनला उतरायच्या. वय चोपन्न. हे वय मी शोधून काढलेलं नाही, बाई ते स्वतःच सांगायच्या, कोणी विचारलं नाही तरी. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला आधी स्वतःचं वय सांगायचं आणि मग तिचं विचारायचं, ही त्यांची ओळख करून घ्यायची पद्धत होती.

निधनवार्तेबाबत त्या फार हट्टी होत्या. घरचे लोक चिठ्ठी लिहून पाठवायचे की अमक्या पाटलांच्या मातोश्रींचं दुःखद निधन झालं. खाली मुलांची, जावयांची, नातवांची नावं पदांसकट. गेलेल्या बाईचं नाव मात्र कुठेच नसायचं. बाई लगेच फोन लावायच्या आणि शांतपणे विचारायच्या, मातोश्री होत्या ते कळलं, नाव काय होतं? एकदा धसईकडच्या एका घरी तिघा भावांनी एकमेकांना विचारून पाहिलं, मग रेशन कार्ड शोधलं, आणि ते सापडेपर्यंत आमचं रेकॉर्डिंग थांबलं. शेवटी आतून कोणा म्हाताऱ्या नणंदेने माहेरचं नावही सांगितलं. बाईंनी दोन्ही नावं वाचली. दुसऱ्या दिवशी मधल्या मुलाचा फोन आला. आईचं माहेरचं नाव त्याला बातम्यांत कळलं होतं आणि आभार मानावे की भांडावं हे त्याचं ठरत नव्हतं. पुढे लोक चिठ्ठीत नाव आधीच लिहायला लागले. नाहीतर ती बाई फोन करते, असं म्हणायचे.

दुसरी खोड म्हणजे बातम्या आधी खाली जाऊन वाचायच्या. स्टँडच्या कोपऱ्यावर एका मावशींची चहाची टपरी होती. बाई साडेतीनला तिथे कागद घेऊन उभ्या राहायच्या आणि मावशींना सगळं बुलेटिन ऐकवायच्या. मावशींना जे कळलं नाही ते बाई तिथेच पेनाने बदलत. एकदा मी टाइप केलं होतं की रस्त्याचं काम प्रगतिपथावर आहे. मावशींनी कप विसळत विचारलं, म्हंजी झाला का नाय? त्या संध्याकाळी बाईंनी वाचलं की रस्त्याचं काम अजून झालेलं नाही. ठेकेदाराने आमच्या शेठला, म्हणजे चॅनेलच्या मालकांना, अर्धा तास फोनवर धरून ठेवलं होतं. शेठनी मला झापलं. मी बाईंवर चिडले. बाईंनी मला टपरीवर नेऊन चहा पाजला आणि मावशींना माझी ओळख करून दिली, ही ती अवघड लिहिणारी पोरगी.

बाईंचा नवरा एसटीत कंडक्टर होता, तेव्हा नुकताच निवृत्त झालेला. तो रोज सातला टीव्ही लावायचा, पण आवाज बंद करून. ऐकायला दिवसभर आहेच, असं त्याचं म्हणणं. हे बाईच कौतुकाने सांगायच्या.

आता मुख्य गोष्ट. बाईंना एका प्रश्नाने पछाडलं होतं. तो केव्हा सुरू झाला ते माहीत नाही, मी आले तेव्हा जोरात होता. टपरीशेजारच्या हॉटेलात दिवसभर मोठ्या मराठी चॅनेलच्या बातम्या चालू असायच्या. बाई एक चहा घेऊन तिथे बसायच्या आणि बघायच्या. बातम्या ऐकत नसत, वाचणारीकडे बघत. पुरुषांत टक्कल होतं, पांढरी दाढी होती, सुटलेली पोटं होती. बायकांत पस्तिशीच्या पुढची एकही त्यांना सापडेना. मालिका लागली तर त्या सासूकडे बोट दाखवून म्हणायच्या, ही म्हणे ह्याची आई, पण हा हिच्यापेक्षा थोराड दिसतो, हिला हा झाला कधी? हॉटेलवाला हसायचा. बाई हसत नसत, त्यांना खरंच उत्तर हवं असायचं.

"बातम्या वाचणाऱ्या बायका पुढं जातात कुठं गो?" त्यांनी मला एकदा विचारलं. "कुठंतरी असतील ना त्या. एवढ्या सगळ्या एकदम घरी बसल्या?"

मी सांगितलं, लग्न होतं, मुलं होतात, नोकरी बदलतात. बाई म्हणाल्या की लग्न पुरुषांचंही होतं. मग त्यांनी त्या मोठ्या चॅनेलला पत्र लिहिलं. मीच टाइप केलं. त्यात तक्रार नव्हती. अमक्या बाई आम्ही सात वर्षं बघत होतो, गेल्या दिवाळीपासून दिसत नाहीत, त्यांची प्रकृती बरी आहे ना, आणि त्यांच्याआधीच्या ज्या होत्या त्या हल्ली काय करतात, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही. बाई राग न धरता दर सोमवारी टपाल आलं का विचारायच्या. पाव्हणे यायचे राहिल्यासारखं त्यांना ते वाटत असावं.

मग आमच्याकडे एचडी कॅमेरा आला. शेठनी त्याला हार घातला, पेढे वाटले, आणि पहिलं रेकॉर्डिंग बाईंच्या चेहऱ्यावर थांबवून पुन्हा पुन्हा बघितलं. बाईंचे केस पुढून पांढरे होते, डोळ्यांखाली सुरकुत्या होत्या. त्या आधीही होत्या, आता दिसत होत्या. सरांच्या गालावरचा मस आणि बसवलेले दातही दिसत होते, पण तिथे शेठनी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या टेबलावर केसांच्या कलपाचं पाकीट ठेवलं. बाईंनी ते उचललं, दोन्ही बाजूंनी नीट वाचलं आणि सरांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. म्हणाल्या, तुमचं संपत आलं असेल. सर खरंच कलप लावायचे. त्यांनी ते पाकीट मुकाट्याने पिशवीत टाकलं.

आठवड्याने शेठनी सगळ्यांना बसवून सांगितलं की जाहिरातदारांना फ्रेश चेहरा हवाय. बाईंनी विचारलं, सरांचं वय काय? शेठ म्हणाले, सरांचं वेगळं. बाई म्हणाल्या, काय वेगळं? त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. हॉटेलातल्या टीव्हीकडे बघताना जो असायचा तोच होता. शेठनी बराच विचार केला, कारण माणूस वाईट नव्हता, आणि म्हणाले की पुरुषाला वय शोभतं. सर खिडकीबाहेर बघत होते. मी माझ्या नखांकडे. कारण तो फ्रेश चेहरा माझा होता आणि हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

मी चार दिवस वाचलं. माझा आवाज पातळ आणि घाई अशी की दोन बातम्या एकीत मिसळायच्या. फोनवर फोन. लाइट किती वाजता जाणार ते कळलं नाही, म्हैस हरवली का सापडली, बाई कुठे आहेत. पाचव्या दिवशी शेठना एक कल्पना सुचली आणि ते स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी पुन्हा पेढे मागवले. चेहरा माझा ठेवायचा, आवाज बाईंचा.

स्टुडिओत एक प्लायवूडचं पार्टिशन होतं. त्यामागे इन्व्हर्टर, बिघडलेले सेट टॉप बॉक्स आणि वायरींची भेंडोळी. तिथे स्टूल आणि माइक मांडला. बाई आत बसून वाचणार, मी पुढे बसून तोंड हलवणार. मला वाटलं बाई उठून जातील. त्यांनी स्टूल हलवून बघितलं, डुगडुगत होतं, त्याखाली कागदाची घडी घातली आणि बसल्या.

आम्ही खुणा ठरवल्या. वाक्य संपताना बाई प्लायवर बोटाने एकदा टकटक करायच्या, नवीन बातमी असली की दोनदा. महिन्याभरात खुणांची गरज उरली नाही. त्या कुठे श्वास घेतात, कुठल्या गावाच्या नावावर थोड्या रेंगाळतात, मला सगळं पाठ झालं. निधनवार्ता आली की त्यांचा आवाज किंचित खाली जायचा आणि माझी मान आपोआप खाली जायची. बघणाऱ्यांना शंका येत नसे.

मी बाईंना वरचेवर विचारायचे, तुम्हाला आत बसणं कसं जमतं? त्यांचं उत्तर दर वेळी निराळं. आत पंखा चांगला आहे. इथं साडीला इस्त्री लागत नाय. एकदा म्हणाल्या, नवऱ्याची पंचाईत झालीय, आता त्याला आवाज चालू करावा लागतो. मी हसायचे आणि माझा प्रश्न तिथेच राहायचा. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं त्यांना मिळत नव्हती, माझ्या प्रश्नाचं मला, असं आमचं चाललं होतं.

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आटगावात लोक ओळखायला लागले. लग्नात पोरी माझ्याबरोबर फोटो काढायच्या. फक्त मी तोंड उघडलं की लोक विचारायचे, घसा बसलाय का? म्हणून मी बाहेर कमी बोलायला लागले. आई म्हणाली, टीव्हीत गेल्यापासून पोरगी गंभीर झाली.

असे नऊ महिने गेले. मग म्हसा गावची जत्रा आली आणि शेठनी तिचं थेट प्रक्षेपण करायचं ठरवलं. घोंगड्यांच्या दुकानांपुढे मी हातात बंद माइक घेऊन उभी. वीस पावलांवर टेम्पो, त्यात बाई, त्यांच्यापुढे छोटा टीव्ही आणि चालू माइक. जत्रेतल्या लोकांनाही ऐकू यावं म्हणून शेठनी एक कर्णा लावला होता. बाई बैलांच्या जोड्या, घोंगड्या, पाळणे यांचं वर्णन करत होत्या आणि मी तोंड हलवत होते. अर्धा तास सुरळीत गेला.

मग एक म्हातारी बाई टोपल्यांची चवड डोक्यावरून उतरवून सरळ माझ्यापाशी आली. शेजारच्या पाड्यावरची असावी. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तूच ना गो ती? माझ्या आयशीचं नाव घेतलंस टीवीवर. गावात तिला कोन नावानी वळखत नव्हता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती. कॅमेरा चालू होता. मी काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर माझा आवाज आला असता, तोही तिच्यापुरताच.

"बोल ना गो," ती म्हणाली.

बाईंना टेम्पोतल्या टीव्हीवर हे सगळं दिसत होतं. कर्ण्यातून त्यांचा आवाज आला. "तिला नको विचारू, मावशी. मी इथं टेम्पोत बसलेय."

म्हातारीने कर्ण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात सोडून टेम्पोकडे निघाली. कॅमेरावाल्या दादांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी कॅमेरा तिच्यामागे फिरवला. तिने टेम्पोची ताडपत्री बाजूला केली. आत बाई, डोक्यावर पदर, पुढे माइक.

"तू तं माझ्याच वयाची निघालीस," म्हातारी म्हणाली. "मंग लपलीस कशाला?"

माइक चालू होता. हा प्रश्न जत्रेने ऐकला आणि दोन्ही तालुक्यांनी ऐकला. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मी ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा त्यांना वाक्य सुचलं नाही. मी वीस पावलांवर उभी होते. सवयीने माझेही ओठ उघडे राहिले होते. शेठनी धावत जाऊन जाहिरात लावली.

दुसऱ्या दिवशी कोणी आरडाओरडा केला नाही. शेठ बाईंना म्हणाले, थोडे दिवस आराम करा. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. मी माझ्या आवाजात वाचायला लागले. सर त्यांच्या जागी होतेच. फोन पुन्हा सुरू झाले, चिठ्ठ्यांत मातोश्री पुन्हा बिननावाच्या यायला लागल्या. मी एकदोनदा फोन लावून नाव विचारलं, पलीकडून कोणी खेकसलं, मी सोडून दिलं.

दोन महिन्यांनी शेठनी मला टोकावड्याला पाठवलं, बाईंना परत आणायला. पुन्हा आत बसा म्हणावं, पंखा नवा लावतो. बाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. नवरा ओट्यावर पेपर वाचत होता. मला बघून बाईंना आनंद झाला, त्यांनी टपरीवरच्या मावशींची चौकशी केली, त्या मोठ्या चॅनेलचं पत्र आलं का विचारलं. मी शेठचा निरोप सांगितला. मग राहवलं नाही म्हणून माझाही प्रश्न विचारला. बाई, खरं सांगा, नऊ महिने आत बसणं कसं जमलं?

या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. हातातली फुलं खाली ठेवली.

"मला वाटायचं, आज ना उद्या तू उठशील."

मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि कान गरम झाले. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्या म्हणाल्या, "मी येते. उद्याच्या गाडीनं येते. पण खुर्चीत बसून वाचीन. तू तुझ्या तोंडानं शेठला सांग, मी आता खुर्चीत बसणार नाय म्हणून. तू उठलीस तर त्याच्याकडं दुसरं हाय कोन?"

बरोबर होतं ते. दुसरं कोणी नव्हतं. मी नुसतं म्हटलं असतं की मी टाइपच करते, तर शेठ चरफडले असते आणि बाईंना बसवलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी फुलांकडे बघत राहिले. आटगावातल्या पोरी, लग्नातले फोटो, आईने शेजारणींना केलेले फोन, सगळं डोक्यात येऊन गेलं. बाईंनी थांबून बघितलं. घाई केली नाही, पुन्हा विचारलंही नाही. मग आत जाऊन चहा टाकला. चहा पिताना आम्ही उन्हाबद्दल बोललो. त्या मला स्टॉपपर्यंत सोडायला आल्या आणि गाडी सुटेपर्यंत थांबल्या.

मुरबाडला उतरले तर शेठ वाटच बघत होते. काय म्हणाल्या बाई? मी म्हटलं, नाही म्हणाल्या. शेठ हळहळले. हट्टी आहे बाई, म्हणाले, आणि वर निघून गेले. त्या खुर्चीत मी पुढे सहा वर्षं बसले.

बाई नाही म्हणाल्या नव्हत्या. नाही मी म्हटलं होतं.